जास्त झालंय की कमी पडतंय? ऑटिझम आणि एडीएचडीवाल्यांचं सेन्सरी गणित घरच्या घरी कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

हे आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या आई-बापांसाठी, मावश्या-आत्यांसाठी, झेडपीच्या सर-मॅडमसाठी लिहितेय, आणि ज्यांना स्वतःला ऑटिझम किंवा एडीएचडी आहे अशा मोठ्या माणसांसाठी पण. माझ्या भाच्याला ऑटिझम आहे, तो चोपड्याकडे खेड्यात राहतो, आणि मला स्वतःला एडीएचडी आहे, ते नोकरीला लागल्यावर कळलं. त्यामुळे दोन्ही प्रकार घरातच रोज दिसतात. (ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळे बोलणं-मिसळणं आणि सवयी वेगळ्या. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, अंग-मन स्थिर राहत नाही. आणि सेन्सरी म्हणजे ज्ञानेंद्रियांकडून मेंदूला जे कळतं ते.)

एकच गोष्ट पक्की धरून चला, बाकी सगळं तिच्यावरून निघतं. पोरगं बिथरलं की आपण लगेच त्याला शांत करायला धावतो. तसं नाही करायचं. आधी बघायचं की याला जास्त झालंय का कमी पडतंय, कारण दोन्हीचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. बाहेरून दोघं सारखीच दिसतात, पळतायत, ओरडतायत, वस्तू फेकतायत, पण एकाला आवाज-उजेड-गर्दी सहन होत नाहीये म्हणून आणि दुसऱ्याच्या अंगाला जेवढी हालचाल, जेवढा दाब हवाय तेवढा मिळतच नाहीये म्हणून. पहिल्याला तुम्ही मन रमावं म्हणून बाजारात नेलं तर अजून बिघडणार, आणि दुसऱ्याला शांत खोलीत एकटं बसवलं तर तो भिंतीवर डोकं आपटायला लागेल. मग लोक म्हणतात सगळं करून बघितलं, काहीच लागू पडत नाही.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो, पण या विषयात अजून तीन धरतात आणि खरी अडचण बऱ्याचदा त्या तिघांतच असते. एक तोलाचं आणि हालचालीचं, ते कानाच्या आतल्या भागात असतं, झोक्यावर बसल्यावर किंवा गरगर फिरल्यावर जे जाणवतं ते. दुसरं स्नायू-सांध्यांचं, डोळे मिटले तरी आपला हात कुठंय आणि आपण किती जोर लावतोय हे ज्याने कळतं ते. आणि तिसरं शरीराच्या आतलं, म्हणजे भूक, तहान, लघवी, उकाडा, धडधड. या आठपैकी कुठलंही जास्त असू शकतं, कुठलंही कमी असू शकतं आणि एकाच माणसात काही जास्त काही कमी असं पण असतं, हे नीट समजून घ्या. माझ्या भाच्याला कुकरची शिट्टी अजिबात चालत नाही पण गादीवर उड्या मारायला त्याला दिवस पुरत नाही. म्हणजे कानाला जास्त, अंगाला कमी. आवाजाने तो रडत असताना "त्याला सगळंच सहन होत नाही" असं समजून उड्या पण बंद केल्या तर त्याच्यावर दोन्हीकडून अन्याय.

हे आमच्या मनचं नाही बरं का. १९७० च्या दशकात अमेरिकेत जीन एअर्स नावाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने (म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) यावर पायाचं काम केलं, आणि २०१३ मध्ये डॉक्टर लोक निदानासाठी जी डीएसएम-५ नावाची पुस्तिका वापरतात तिच्यात ऑटिझमच्या लक्षणांमध्ये हे सेन्सरी जास्त-कमी होणं पहिल्यांदा लिहिलं गेलं. एडीएचडीच्या लक्षणांच्या यादीत ते नाहीये, पण एडीएचडीवाल्यांना हा त्रास भरपूर असतो. २०१३ च्या आधी तर एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहे असं लिहायची सोयच नव्हती, त्यामुळे जुन्या फाईलवर एकच नाव असेल तर परत एकदा दाखवायला हरकत नाही.

विनी डन म्हणून अजून एक थेरपिस्ट आहेत, त्यांनी १९९७ मध्ये याचे चार प्रकार मांडले. काहींना थोड्यानेच जास्त होतं आणि ते तिथेच बसून चिडचिड करतात. काहींना थोड्यानेच जास्त होतं पण ते उठून पळ काढतात, कॉटखाली जाऊन बसतात. काहींना पुष्कळ लागतं आणि ते शोधत फिरतात, आपटतात, चढतात, हुंगतात, चाटतात. आणि चौथ्या प्रकाराकडे तुमचं लक्ष मला मुद्दाम न्यायचंय. त्यांना पुष्कळ लागतं पण ते शोधत नाहीत, नुसते बसून राहतात. हाक मारली तर ओ नाही, नाक वाहतंय ते कळत नाही, चप्पल उलटी घातलीय, गुडघा फुटलाय आणि रडणं नाही. अशा पोरांना आपल्याकडे "गरीब आहे बिचारं, काही त्रास नाही" म्हणतात आणि वर्षं निघून जातात. मुलींच्या बाबतीत तर हे फार होतं. (हाकेला ओ देत नसेल तर सगळ्यात आधी कानाची तपासणी करून घ्या, ऐकू येतंय हे पक्कं झाल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.)

मग ओळखायचं कसं

आधीचा अर्धा-एक तास आठवा. आत्ता काय चाललंय त्याच्यापेक्षा आधी काय झालं त्याच्यातून जास्त कळतं. पाहुणे आले होते, मिक्सर लागला, एसटीने प्रवास झाला, नवीन शर्ट घातला, लाईट गेली आणि जनरेटर सुरू झाला, असं काही असेल तर बहुतेक जास्त झालंय. उलट दुपारभर घरात कोंडून होता, पावसामुळे बाहेर जाता आलं नाही, वर्गात सलग बसवून ठेवलं होतं, तर बहुतेक कमी पडलंय.

मग अंग बघा. जास्त झालेल्याचे हात कानावर-डोळ्यावर जातात, अंग आखडतं, तो माणसांपासून वस्तूंपासून लांब जायला बघतो, बोलणारा असेल तरी बोलणं कमी होतं किंवा बंद होतं. कमी पडलेला उलट वस्तूंकडे माणसांकडे येतो, तुमच्या अंगावर पडतो, दार दाणदाण लावतो, सोफ्यावरून उडी मारतो, कॉलर चावतो.

पण इथे चकवा आहे. कधी कधी जास्त झालेलं पोरगं पण मोठमोठ्याने गुणगुणतं किंवा ओरडतं, आणि आपल्याला वाटतं याला आवाज आवडतो. तसं नसतं, बाहेरचा आवाज त्याच्या हातात नसतो आणि स्वतःचा असतो, म्हणून तो स्वतःच्या आवाजाने बाहेरचा झाकतो. एडीएचडीवाला थकला, भरला की अजून जोरात पळायला लागतो, तेव्हा तो ताजातवाना दिसतो पण नसतो.

आणि खरंच काही कळलंच नाही तर माझा नियम असाय: आधी कमी करा. टीव्ही बंद, मोठी लाईट बंद, माणसं बाहेर. कमी पडलेल्याला तुम्ही थोडाच वेळ अजून कमी केलं, एकटं सोडलं नाही, तर तो फारतर कंटाळेल, पाच-दहा मिनिटांत दिसेलच, मग द्या त्याला हालचाल. पण जास्त झालेल्यावर तुम्ही अजून चढवलं तर गोष्ट हाताबाहेर जाते आणि मग तास दोन तास कोणाच्याच हातात राहत नाही.

एक साधी वही करा. वेळ, जागा, आधी काय झालं, रात्री झोप कशी होती, काय खाल्लं, पोट साफ होतं का, काय केल्यावर उतरलं. दोन-तीन आठवड्यात तुम्हाला तुमचंच कळायला लागेल. एकच आवाज सोमवारी चालतो आणि गुरुवारी चालत नाही असं का, तर झोप, भूक, उकाडा, ताप, मुलींना पाळी, याने सहन करायची ताकद वर-खाली होते. तो नाटक करत नाहीये. आणि एकदम अचानक बदल झाला, कालपर्यंत ठीक होता आणि आज सारखा डोकं आपटतोय, तर सेन्सरी म्हणून सोडून देऊ नका, कान दुखतोय का, दात किडलाय का, पोट कडक झालंय का हे आधी बघा, ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं असंच बाहेर येतं.

जास्त झालं तर

त्या क्षणाला तुम्ही बोलायचं बंद करा, हे सगळ्यात अवघड आहे आपल्याला. चार बायका गोळा होतात, "काय व्हयनं, काय व्हयनं" सुरू होतं, कोणी पाणी आणतं, कोणी पाठीवरून हात फिरवतं, कोणी म्हणतं पोऱ्याले नजर लागनी मीठ-मिरच्या आणा. सगळे मायेनेच करतात पण त्या पोराच्या कानात-डोळ्यात-अंगावर ते सगळं अजून भरत असतं. एका माणसाने तिथे थांबायचं, बाकीच्यांनी हळूच निघून जायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, उत्तर द्यायला पण डोकं लागतं आणि ते आत्ता शिल्लक नाहीये. "मी आहे." बास. हलका हात अंगावरून फिरवायचा नाही, हलका स्पर्श बऱ्याच जणांना टोचल्यासारखा लागतो, त्याला चालत असेल तरच घट्ट धरायचं आणि तो सोडवून घेतोय असं वाटलं की लगेच सोडायचं. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी धरा. ओढून बाहेर न्यायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका, आली तर जिथे कमी उजेड कमी माणसं तिथेच न्या.

हे हट्ट करण्यासारखं दिसतं पण हट्ट नाही. हट्टाला कारण हवं असतं आणि बघणारा हवा असतो, वस्तू मिळाली की तो थांबतो. हे वस्तू देऊन थांबत नाही, मारून तर नाहीच नाही. आणि काही जण ओरडत नाहीत, आत बंद होतात, बोलत नाहीत, हलत नाहीत, तिथेच झोपतात. ते पण तेच आहे. उतरल्यावर त्याला झोपू द्या, थंड पाणी, त्याचं आवडतं खाणं, आणि लगेच "असं का केलं" नको. दुसऱ्या दिवशी बोला.

आता आधीपासून काय करता येतं ते. मिक्सर लावायच्या आधी सांगा, "मिक्सर लावतेय, तीनपर्यंत मोजते." अचानक आलेला आवाज आणि माहीत असलेला आवाज याच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्याकडे बहीण कुकर लावला की भाच्याला सांगते आणि तो स्वतःच ओसरीवर जाऊन बसतो, शिट्ट्या झाल्या की येतो, कोणाला काही करावं लागत नाही. मिणमिणणारी जुनी ट्यूबलाईट बदला, आपल्याला दिसत नाही ते फडफडणं काहींना दिसतं. नवीन कपडे दोन-तीनदा धुवूनच घालायचे, मानेमागचं लेबल शिवणीसकट काढायचं, मोज्याची शिवण बोटांवर येत असेल तर मोजा उलटा घाला. शाळेचा टेरीकॉटचा ड्रेस टोचत असेल तर आतून मऊ जुनी कॉटनची बनियन.

कानाला लावायचे इअरमफ हार्डवेअर किंवा सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतात, फॅक्टरीतले लोक वापरतात तेच. पण दिवसभर लावून ठेवायचे नाहीत, सतत शांततेची सवय लागली की साधा आवाज पण मोठा वाटायला लागतो. गरजेपुरते लावा, मग काढा.

लग्न. आपल्याकडे लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे, म्हणजे ऊन, मांडव, डीजे, अत्तर, गर्दी, जनरेटरचा धूर आणि वरण-बट्टीची पंगत, सगळं एकाच वेळी. नेऊच नका असं मी म्हणणार नाही, घरच्या लग्नाला पोरगं नसलं की आईला काय वाटतं ते मी बघितलंय आणि पोराला पण आपली माणसं भेटायला हवीत. पण पद्धत बदला. मांडव रिकामा असताना आधी नेऊन दाखवा, स्टेज कुठंय, आपण कुठे बसणार, बाहेर जायची वाट कुठली. त्याच गल्लीत ओळखीच्या एखाद्या घरी एक खोली सांगून ठेवा, तिथे पंखा आणि पाणी. भाचा आता माझ्या ओढणीचं टोक दोनदा ओढतो, म्हणजे "चल". आणि ओढलं की मी उठते, कोणाशी बोलत असले तरी, अर्धं वाक्य सोडून, "एक मिनिट थांब" म्हणत नाही, कारण त्याने सांगितल्यावर आपण ऐकलं तरच तो पुढच्या वेळी सांगेल, नाहीतर त्याच्याकडे ओरडण्याशिवाय दुसरं काय राहतं. हळदीच्या रात्रीच्या डीजेचं मात्र वेगळं आहे. त्याचा जो धडधड बेस असतो तो छातीत आणि हाडात लागतो, इअरमफ लावून तो थांबत नाही. त्याला अंतर हाच उपाय, मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणून त्या रात्री आम्ही सरळ गावाच्या दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांकडे झोपतो आणि सकाळी लग्नाला हजर. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद हा २००० सालचा नियम आहे, काही ठरावीक दिवशी सरकार १२ पर्यंत सूट देतं. गावात भांडण नको असतं हे मला कळतं, पण आधी जाऊन डीजेवाल्याला आणि यजमानांना नीट सांगितलं की घरात असं लेकरू आहे, तर बरेच लोक स्पीकरचं तोंड फिरवून देतात. श्रावणात कानबाई देवी बसते त्या वेळी पण हेच करा, विसर्जनाच्या मिरवणुकीत मधोमध नेण्यापेक्षा सकाळी घरातली गर्दी व्हायच्या आधी दर्शनाला न्या.

कमी पडलं तर

इथे आपलं खेडं फार कामाचं आहे आणि लोकांना ते माहीतच नाही. थेरपी सेंटरमध्ये जे करून घेतात त्याच्यातलं अर्धं सामान आपल्या घरात-अंगणात आहे. स्नायू-सांध्यांना जोर लागेल असं काम, ढकलणं, ओढणं, उचलणं, कुटणं, मळणं, याला ते हेवी वर्क म्हणतात, आणि याची गंमत अशी की हे कमी पडलेल्याला जागं करतं आणि थोडं जास्त झालेल्याला पण उतरवतं, म्हणून शंका असली तरी हे चालतं. अर्धी भरलेली बादली झाडापर्यंत न्यायची, कणीक मळायची, ओल्या चादरी पिळायच्या, घरातली खुर्ची-टेबल ढकलून झाडायला जागा करायची.

वांग्याच्या भरताचं सांगते. तुरकाठ्यांवर वांगी भाजली की सोलून लाकडी बडगीत टाकतो आणि मुसळीने कुटतो ना, ते काम आमच्याकडे भाच्याचं आहे. तो दोन पायांत बडगी घट्ट धरतो, दोन्ही हातांनी मुसळी उचलतो आणि धप्प धप्प एका लयीत कुटत राहतो, मिरच्या-लसूण टाकेपर्यंत मान वर करत नाही. त्याच्यानंतरचा तासभर तो ताटावर बसू शकतो, डोळ्यात बघून काहीतरी सांगतो, उड्या नाहीत. खात मात्र तो नाही, भरीत त्याच्या जिभेला चालत नाही, मऊ लिबलिबीत आणि मध्येच बिया. कुटतो तो म्हणून खायलाच पाहिजे असं आम्ही धरत नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके बांधतो आपण, नंतर दोर काढून टाकतो. काढू नका. कडुलिंबाला, छताच्या कडीला, जिथे मजबूत असेल तिथे झोका बारा महिने राहू द्या. पुढे-मागे सरळ, सावकाश झोका शांत करतो आणि गरगर फिरवणं चेतवतं, हा फरक लक्षात ठेवून वापरा, झोपायच्या आधी गरगर नको. झोका त्याच्या मनाने थांबला पाहिजे, तो नको म्हणतोय आणि आपण ढकलतोय असं कधीच नाही. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळ दिसली की थांबा, हे परिणाम कधी कधी उशिरा दिसतात. फिट येत असतील तर आधी डॉक्टरला विचारा, ऑटिझममध्ये फिटचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

कॉलर, बोटं, पेन चावणाऱ्याला चावायला द्या. गाजर, ऊस, कडक भाकरीचा पापुद्रा, बिबडे, मोठ्या पोरांना फुटाणे. लहानांना फुटाणे-शेंगदाणे नको, घशात अडकतात. आणि माती, खडू, भिंतीचा रंग खात असेल तर ते नुसतं चावणं नाही, रक्त तपासा, लोह कमी असतं बऱ्याचदा, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं.

हात फडफडवणं, डोलणं, एकच आवाज काढणं, हे कोणाला इजा होत नसेल तर थांबवू नका. तो स्वतःचं माप स्वतः जुळवतोय. लोक बघतात म्हणून आपण त्याचे हात धरतो, मग ते दुसरीकडून बाहेर येतं, चावण्यातून नाहीतर ओरबाडण्यातून.

आता मोठ्या माणसांचं, म्हणजे माझ्यासारख्यांचं. एडीएचडीत कमी पडणं म्हणजे नुसता कंटाळा नसतो, अंगात दुखल्यासारखं होतं, शांत ऑफिसमध्ये समोर फाईल आहे आणि वाचलेली ओळ परत परत वाचतेय, डोक्यात काही जात नाही. घरी असेल तर उगाच भांडण उकरून काढणं, रात्री दोनपर्यंत रील्स, भूक नसताना डब्यातली शेव. भांडणाने, शेवेने, रील्सने मेंदूला क्षणभर मिळतं पण भरत नाही, म्हणून ते संपत पण नाही. त्याच्याऐवजी कामाच्या आधीच अंगाला थोडं द्यायचं. मी ऑफिसला जायच्या आधी जोरात चालून येते, फाईल उभी राहून वाचते, हळू आवाजात मोठ्याने वाचते, कानात बिनशब्दांचं एकच संगीत सारखं लावते, टेबलाखाली पायाने चाळा करायला रबराचा तुकडा ठेवते. कंटाळवाणं काम एकटीने करत नाही, बहिणीला फोन लावून ठेवते, ती तिकडे भाजी निवडते मी इकडे बिलं भरते, बोलत पण नाही फारसं, तरी होतं. तुम्हाला हे सगळंच लागू पडेल असं नाही, एक एक करून बघा.

ज्यांना दोन्ही आहे त्यांची ओढाताण मोठी. अर्ध्या मनाला नवीन हवं, अर्ध्याला रोजचंच हवं. सारंगखेड्याच्या यात्रेला जायचंच म्हणून आठवडाभर मागे लागतात आणि घोड्यांच्या बाजारात अर्ध्या तासात डोकं धरून खाली बसतात. त्यांना नेऊ नका असं नाही, अर्धाच तास न्या, सकाळी लवकर न्या आणि परतीची गाडी आधी ठरवून ठेवा.

ऊन, तहान, आणि आपला मे महिना

हे मी वेगळं लिहितेय कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि ज्याला आतलं कळत नाही त्याला तहान कळत नाही, अंग तापलंय ते कळत नाही. काही पोरांना जाड कपड्याचा दाब आवडतो म्हणून ती मे महिन्यात पण जॅकेट काढत नाहीत. "तहान लागली का" विचारू नका, तो नाही म्हणेल आणि खरंच सांगत असेल. ठरावीक वेळेला ग्लास समोर ठेवा, जेवणाआधी, बाहेर जाताना, आल्यावर, आणि लघवीचा रंग बघा, गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलंय. जॅकेटच्या जागी घट्ट कॉटनची बनियन चालते का बघा. रिस्पेरिडोनसारख्या काही गोळ्यांनी शरीराला उष्णता सांभाळणं अवघड जाऊ शकतं, उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरला याच्याबद्दल विचारा, मनाने गोळी बंद करू नका. अंग तापलंय, बडबडतोय किंवा सुस्त पडलाय, उलटी होतेय, तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा, याला सेन्सरी समजून वाट बघू नका.

दाबासाठी जुन्या साड्यांची जड गोधडी थंडीत फार छान काम करते, पण ती त्याला स्वतःला काढता आली पाहिजे, तोंडावर कधी नको, तान्ह्या आणि अगदी लहान पोरांना नको.

खाण्याचं थोडक्यात. जबरदस्तीने घास कोंबू नका. त्याला कुरकुरीत चालतं का मऊ, गरम का गार, हे ओळखलं की त्याच जातीतला एखादा नवीन पदार्थ ताटाच्या कडेला ठेवा, खाल्ला नाही तरी राहू द्या. पिकलेलं केळं मऊ म्हणून थुंकणारं पोरगं थोडं कच्चट केळं खाऊ शकतं. वजन घटत असेल किंवा दोन-चारच पदार्थांवर आलं असेल तर डॉक्टरकडे न्या.

शाळेत सरांना मोठं काही मागू नका, छोटं मागा, ते होतं. घंटेपासून आणि खिडकीपासून लांब जागा. वह्यांचा गठ्ठा ऑफिसात नेऊन द्यायचं काम, फळा पुसायचं काम, म्हणजे उठायला कारण मिळतं आणि हाताला जोर. घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी सांगणं. खिचडीचा वास सहन होत नसेल तर व्हरांड्याच्या टोकाला जेवायची मुभा. सुट्टीत खेळायला न सोडण्याची शिक्षा या पोरांना देऊ नका, मधल्या सुट्टीतलं पळणंच त्यांना पुढचे तास बसवतं.

दाखवायचं कुठे, तर जिल्हा रुग्णालयात ० ते १८ वर्षांच्या पोरांसाठी डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणारं आरबीएसके या सरकारी बालआरोग्य योजनेचं पथक तिकडेच पाठवतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारा, सेन्सरीचं काम त्यांचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, म्हणून यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांग ओळखपत्र निघतं, आणि दहावी-बारावीला तासामागे २० मिनिटं जास्तीची मिळतात. नुसत्या एडीएचडीचं नाव त्या यादीत नाही, पण सोबत शिकण्याची अडचण असेल तर ती यादीत आहे, ती तपासून घ्या. स्टेम सेल करून ऑटिझम घालवतो अशा जाहिरातींवर शेत विकू नका, ते सिद्ध झालेलं औषध नाही.

जाताना ती वही न्या, आणि एक-दोन छोटे व्हिडिओ, एक बिघडलेल्या वेळचा, एक चांगल्या वेळचा, कारण दवाखान्यात पोरगं नेमकं वेगळंच वागतं. व्हिडिओ डॉक्टरला दाखवण्यापुरताच ठेवा, फॅमिली ग्रुपवर टाकू नका.